सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी कपडे: माप, पॅड, शिवण आणि रंग

सायकलिंगची जर्सी उभ्या उभ्या घालून बघितली की ती पुढून आखूड, मागून लांब आणि खांद्यावर ओढल्यासारखी वाटते. बहुतेक जणी तिथेच ती काढून ठेवतात आणि एक माप मोठी घेतात. चूक होते ती इथेच. हा कपडा वाकलेल्या, हात पुढे टाकलेल्या शरीरासाठी बेतलेला असतो. वाकल्यावर पोटाकडची बाजू आखडते आणि पाठीकडची ताणली जाते, म्हणून कापडही पुढे कमी आणि मागे जास्त ठेवतात. सरळ उभं राहून छान बसलेली जर्सी हँडल धरल्यावर पोटाशी गोळा होते आणि पाठ उघडी पडते. त्यामुळे खाली जिथे जिथे ‘घालून बघा’ असं येईल, तिथे ते वाकून, शक्यतो सायकलवर बसूनच बघायचं आहे.

आधी टेप घ्या

एस, एम, एल या अक्षरांवर भरवसा ठेवू नका. एकाची एम दुसऱ्याची एल असते. शर्यतीसाठी बेतलेल्या कपड्यांचं माप तर नेहमीच्या कपड्यांपेक्षा एक, कधी दोन मापांनी लहान निघतं. प्रत्येक उत्पादकाचा सेंटिमीटरचा तक्ता वेगळा असतो आणि तोच बघायचा. त्यासाठी स्वतःची मापं पातळ अंतर्वस्त्रांवर, टेप न आवळता घेऊन लिहून ठेवा.

छातीचा घेर सगळ्यात भरलेल्या जागी घ्या, आणि त्याच्या खालचा घेर वेगळा घ्या. कंबर म्हणजे पँटचा नेफा येतो ती जागा नव्हे. बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते ती कंबर. हिपचं माप पाय जुळवून, मागून सर्वात भरलेल्या जागी. मांडीचा घेर जांघेच्या जरासा खाली, आणि तो दोन्ही पायांचा घ्या, कारण दोन्ही मांड्या क्वचितच तंतोतंत सारख्या असतात. यातलं मोठं माप धरायचं. बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली शॉर्ट्स घेणार असाल तर आणखी एक माप लागतं आणि ते बहुतेकींनी कधीच घेतलेलं नसतं: खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, दोन पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत. ही धडाची पूर्ण फेरी. सारख्या उंचीच्या दोघींमध्येही या मापात आठ-दहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. एकीच्या खांद्यावर पट्टे रुततात आणि दुसरीच्या लोंबतात, ते यामुळेच.

मापं वेगवेगळ्या रकान्यांत पडली तर? शॉर्ट्स हिप आणि मांडीवरून घ्या, कंबरेवरून नाही. जर्सी छातीवरून घ्या, पण हिपचं माप त्याहून मोठ्या रकान्यात जात असेल तर मोठं माप घेऊन बाजूंनी आत घेणं बरं. खालचा काठ हिपवर आवळला की जर्सी दर दहा मिनिटांनी कंबरेकडे सरकते आणि दिवसभर तो काठ खाली ओढण्यातच जातो.

टेबलावर पसरलेली शॉर्ट्स बघून घाबरू नका. ताणल्या जाणाऱ्या कापडाचा कपडा अंगापेक्षा लहानच बेततात. कापड किती ताणलं जातं त्यावर हा फरक अवलंबून असतो, आणि १५ ते २० टक्क्यांनी लहान असणं नेहमीचं आहे. म्हणून पसरलेल्या कपड्याचं माप आणि अंगाचं माप यांची थेट तुलना करू नये.

शॉर्ट्स आणि त्यातला पॅड

पैसा एकाच कपड्यावर घालायचा असेल तर तो इथे घाला. जर्सी साधी असली तरी चालते, शॉर्ट्स वाईट असली तर चालत नाही.

आधी स्वतःच्या बसण्याच्या हाडांमधलं अंतर काढा. कडक, सपाट स्टुलावर खोक्याचा नागमोडी थर असलेला पुठ्ठा ठेवा. पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा उचलून गुडघे थोडे वर घ्या, अंग पुढे झुकवा आणि अर्धा मिनिट तसंच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दिसले नाहीत तर बोट फिरवा, हाताला लागतील. दोन्ही खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. बायकांमध्ये ते साधारण १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान असतं आणि सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. हिप रुंद म्हणजे हे अंतर जास्त असं मात्र नसतं. दोन्हींचा फारसा संबंध नाही, त्यामुळे अंदाजाने ठरवू नका.

आता शॉर्ट्स उलटी करून पॅड, म्हणजे आत शिवलेली फोमची गादी बघा. मागच्या बाजूला दोन घट्ट, उंचवट्याचे भाग असतात. त्यांचे मध्य तुमच्या हाडांच्या अंतराशी जुळले पाहिजेत आणि प्रत्येक भाग हाडाच्या बाहेरच्या बाजूलाही सेंटिमीटरभर गेला पाहिजे. पॅड अरुंद पडला तर हाड कडेवर टेकतं. कड नेमकी तिथे घासते आणि फोड येतो. बायकांचा पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतो. पुरुषांच्या पॅडच्या पुढच्या भागात वेगळा उठाव आणि खोलगट जागा असते, बायकांना तिचा उपयोग नाही आणि ती टोचते. ‘सर्वांसाठी’ म्हणून विकलेली शॉर्ट्स बहुधा पुरुषांच्या पॅडचीच निघते.

जाड पॅड म्हणजे आरामदायी पॅड, हा समज सगळ्यात महाग पडतो. जाड पण मऊ फोम पहिल्या पाच मिनिटांत गादीसारखा वाटतो आणि तासाभरात चपटा होतो. मग हाडाखाली काहीच उरत नाही आणि बाजूचा फुगलेला फोम मात्र नाजूक भागावर दाबत राहतो. महत्त्व घनतेला आहे. अंगठा आणि तर्जनीत पॅडचा सर्वात जाड भाग जोरात दाबा. बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली तर तो पॅड अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीपुरता. दाबताना विरोध जाणवला आणि सोडल्यावर लगेच उसळून मूळ जागी आला तर तो लांब पल्ल्याचा. पॅडच्या कडा हळूहळू पातळ होत कापडात मिसळल्या पाहिजेत. पायरीसारखी उभी कड असेल तर ती शॉर्ट्स तिथेच सोडा.

हा पॅड पूर्वी शामवा नावाच्या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्याचा असे. धुतल्यावर ते पापडासारखं कडक व्हायचं आणि मलम चोळून मऊ करावं लागायचं. आता फोम आणि कृत्रिम धाग्याचं कापड आलं तरी नाव ‘शॅमी’च राहिलं.

पॅडच्या शॉर्ट्सखाली निकर घालायची नाही. पॅडचं काम अंगाला थेट लागून घाम शोषणं आणि घर्षण कमी करणं हे आहे. मधे सुती निकर आली की तिच्या शिवणी बरोबर सीटच्या दाबाखाली येतात आणि ओलं सूत जांघेत घासतं. जांघा सोलवटण्याच्या तक्रारींत पहिला प्रश्न हाच विचारावा. दुकानात घालून बघताना मात्र स्वच्छतेसाठी पातळ, बिनशिवणीची निकर आत असू द्या.

घातल्यावर बघायचं ते असं. उभं राहिल्यावर पॅड सगळीकडे अंगाला लागून हवा. खाली लोंबत असेल, हात घालून पोकळी जाणवत असेल, तर माप मोठं आहे किंवा बिबची धडाची लांबी जास्त आहे. असा पॅड सायकलवर सरकतो आणि सरकणारा पॅड घासतो. चालताना जरा बदकासारखं वाटेल, ते ठीक आहे. आसनाची शिवण दोन पायांच्या मधोमध एका रेषेत येत असेल तर नको. चांगल्या शॉर्ट्समध्ये तिथे शिवणच नसते किंवा ती पॅडच्या बाहेर वळवलेली असते. आतल्या शिवणीवरून बोट फिरवा. बोटाला दोरीसारखी लागणारी जाड शिवण मांडीलाही लागणारच. दोन्ही कापडं एकमेकांवर चपटी ठेवून शिवलेली सपाट शिवण हवी.

एक गोष्ट कपड्यांकडून होणार नाही: पुढच्या नाजूक भागाला बधिरपणा येत असेल, तर दोष बहुधा सीटच्या आकारात, उंचीत किंवा तिच्या वर उचललेल्या टोकात असतो. जाड पॅड घालून तो झाकला जात नाही, उलट वाढतो. एकावर एक दोन पॅड घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सीट समतल करून, तिची उंची तपासून मग पुन्हा कपड्यांकडे या.

कापड नायलॉन आणि इलॅस्टेनचं (रबरासारखा ताणला जाणारा धागा) असावं, इलॅस्टेन साधारण १५ ते २५ टक्के. पॉलिएस्टरही चालतं, पण नायलॉन घर्षणाला जास्त टिकतं आणि त्वचेला मऊ लागतं. पारदर्शकपणा दुकानातल्या दिव्यात कळत नाही. हिपवर बसणारा भाग दोन हातांनी ताणून खिडकीच्या उजेडासमोर धरा. आतल्या बोटांच्या रेषा दिसल्या तर वाकल्यावर सगळंच दिसेल. काळा रंगसुद्धा इथे फसवतो, म्हणून ताणून बघणं सोडू नका.

मांडीवरची पकड हा दिसण्याचा आणि आरामाचा दोन्हींचा प्रश्न आहे. अरुंद इलॅस्टिक आवळतं, त्याच्या वर मांस फुगून येतं आणि मग ‘माझ्या मांड्यांना असलं शोभत नाही’ असा निष्कर्ष निघतो. दोष मांडीचा नसून त्या दोन सेंटिमीटरच्या पट्टीचा आहे. पाच ते आठ सेंटिमीटर रुंद, सपाट पट्टी दाब पसरवते आणि फुगवटा येत नाही. पट्टीच्या आत सिलिकॉनचे ठिपके असतात. ते पातळ आणि विरळ असलेले बरे, कारण सलग सिलिकॉनखाली घाम साचून त्वचेला खाज सुटते. पायाची लांबीही महत्त्वाची: काठ मांडीच्या सगळ्यात भरलेल्या जागी येऊ देऊ नका. गुडघ्याच्या चार-पाच बोटं वर, जिथे मांडी निमुळती होते, तिथे काठ आला की पाय लांब दिसतो आणि शॉर्ट्स वरही चढत नाही.

पट्टे हवेत की नेफा

बिब शॉर्ट्सचा फायदा खरा आहे. कंबरेला इलॅस्टिक नसल्यामुळे वाकल्यावर पोटावर दाब येत नाही, पॅड जागचा हलत नाही आणि जर्सी वर गेली तरी पाठ झाकलेली राहते. अडचणही तितकीच खरी: लघवीला जायचं तर जर्सी काढून पट्टे उतरवावे लागतात. यावर उत्पादकांनी काढलेल्या तोडग्यांपैकी तीन प्रचलित आहेत. पाठीवर किंवा छातीवर क्लिप, जी सोडली की पट्टे मोकळे होतात. मागच्या बाजूला आडवी झिप, जिच्यामुळे मागचा भाग वेगळा खाली येतो. आणि मागचे पट्टे इतके ताणले जाणारे की जर्सी न काढता शॉर्ट्स खाली ओढता येते. तिसरा प्रकार सर्वांत साधा असून मोडण्यासारखं त्यात काही नाही, पण धड लांब असेल तर तो पुरत नाही. झिपचा प्रकार निवडलात तर झिपची टोकं सीटवर बसल्यावर टेकत नाहीत ना, ते पाहा. कोणताही घ्या, घरी जर्सी घालून पूर्ण क्रिया एकदा करून बघा, ओल्या हातांनी. घामेजलेल्या अंगावर ते याहून अवघड असतं.

पट्टे छातीवरून कुठून जातात हेही तपासा. छाती भरलेली असेल तर सरळ पट्टे मधोमध दाबतात किंवा बाजूला घसरून काखेत काचतात. मधे एकत्र येणारा एकच पट्टा किंवा बाजूंनी वळसा घेणारे पट्टे अशा अंगाला बरे पडतात.

नेफ्याची शॉर्ट्स घ्यायची तर नेफा रुंद, आठ-दहा सेंटिमीटरचा, पुढे जरा खाली आणि मागे उंच असा हवा. नाडीची गाठ वाकल्यावर पोटात रुतते. उंच नेफ्याने पोट आत दिसतं म्हणून मुद्दाम आवळ माप घेतलं, तर खोल श्वास घेता येत नाही आणि चढावर त्याची किंमत मोजावी लागते.

जर्सी

जर्सीची झिप पूर्ण लावा, सायकलवर बसा आणि हँडल धरा. पाच जागा बघायच्या. गळा: झिपचं टोक हनुवटीखाली टोचू नये, त्याला कापडाचं छोटं झाकण असावं. काख: चुण्या पडल्या तर बाही सैल आहे, ओढ बसली तर छातीला माप कमी आहे. छाती: झिप लाटेसारखी वाकडीतिकडी होत असेल तर कापड छातीवर पुरत नाही. पोट: घडी पडून झोळ येत असेल तर जर्सी पुढून लांब आहे. पाठ: काठ कंबरेच्या खाली, शॉर्ट्सवर नीट टेकलेला हवा.

बायकांची म्हणून विकली जाणारी कितीतरी जर्सी मुळात पुरुषांचा बेत आखूड करून, वर गुलाबी छटा देऊन काढलेल्या असतात. त्या ओळखणं सोपं आहे. जर्सी पसरून ठेवा आणि बाजूच्या शिवणी बघा. त्या काखेपासून काठापर्यंत सरळ रेषेत गेल्या असतील तर कंबर आणि हिपचा विचारच झालेला नाही. खऱ्या बायकी बेतात कंबरेशी आत वळण असतं, हिपशी पुन्हा घेर वाढतो, छातीसाठी पुढचे भाग वेगळे कापलेले असतात आणि खांदे अरुंद असतात.

पूर्ण लांबीची झिप घ्यावी. उन्हात ती उघडता येते आणि कपडा डोक्यावरून ओढावा लागत नाही. मागे तीन खिसे असतात. त्यांत फोन, सुटी ट्यूब, किल्ल्या असं नेहमीचं सामान भरून जागच्या जागी उड्या मारा. पाठीमागचा काठ चार बोटं खाली लोंबला तर कापड फार पातळ आहे, आणि ती जर्सी रिकाम्या खिशांनीच चांगली दिसेल. हात मागे नेऊन न बघता प्रत्येक खिशात घाला. लहान चणीच्या बायकांना खिसे फार खाली, तर लांब पाठीच्या बायकांना फार वर येतात आणि चालत्या सायकलवर सामान काढणं धोक्याचं होतं.

उन्हासाठी कापडावर यूपीएफचा आकडा दिलेला असतो. ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येतो. जाळीच्या पाठीला हा आकडा लागू होईलच असं नाही. आत गंजीसारखा पातळ थर घालत असाल तर तो अंगाला चिकटून असावा, सैल गंजी घाम खेचत नाही.

आतल्या ब्राबद्दल फार थोड्या ठिकाणी बोललं जातं. सायकलवर धावण्याइतके हिसके बसत नाहीत, त्यामुळे अतिशय आवळ ब्राची गरज नसते. सुती नको, कारण ती भिजते आणि उतारावर वाऱ्याने छाती गारठते. मागे हुक असेल तर बिबचा पट्टा नेमका त्यावर येतो आणि तासाभरात वळ उठतो. काढता येणारे मऊ कप घाम धरून ठेवतात, शक्य असेल तर काढून टाका. छातीखालची पट्टी दोन बोटं जातील इतकी घट्ट ठेवा.

देखणेपणाचं गणित

नीट बसलेला साधा काळा कपडा झोळ पडलेल्या नक्षीदार कपड्यापेक्षा नेहमीच उठून दिसतो. हे झाल्यावर मग रंग आणि नक्षी.

शॉर्ट्स गडद ठेवा. काळा, गडद निळा, गडद हिरवा, वाईनसारखा लाल. सीटचा काळपटपणा, साखळीचं तेल आणि घामाचा ओला पट्टा यांत लपतो. फिकट करडा रंग सगळ्यात वाईट, त्यावर घामाचा नकाशा उमटतो. जर्सीला मात्र मोकळीक आहे: पांढरा, फिकट पिवळा, बारीक नक्षी यांत ओल कमी दिसते. एक कपडा बोलका असेल तर दुसरा गप्प ठेवा. नक्षीची जर्सी असेल तर तिच्यातला एखादा छोटा रंग मोज्यांत किंवा हातमोज्यांत परत आणा, जोडी आपोआप जमते.

बाजूंना गडद पट्टे आणि मधे उजळ रंग असला की कंबर रेखीव दिसते. छातीवरून किंवा हिपच्या सर्वात रुंद जागेवरून जाणारी आडवी ठळक पट्टी तिथेच नजर थांबवते. तुम्हाला तसं हवं असेल तर खुशाल घ्या, पण नकळत घेऊ नका. छापील नक्षीची आणखी एक परीक्षा आहे. बरीच नक्षी पांढऱ्या पॉलिएस्टरवर उष्णतेने उठवलेली असते. कापड ताणलं की धाग्यांमधला पांढरा भाग डोकावतो आणि गडद रंग हिपवर फिकट, चट्ट्याचट्ट्यांचा दिसतो. विकत घेण्याआधी नक्षी ताणूनच बघा.

दिसणं याचा दुसराही अर्थ आहे: वाहन चालवणाऱ्याला दिसणं. फ्लुरोसंट रंग दिवसा आणि संध्याकाळच्या उजेडात चमकतात, अंधारात त्यांचा काही उपयोग नाही. रात्री लागते ती दिव्याचा प्रकाश परत फेकणारी चंदेरी पट्टी. ती पाठीपेक्षा घोट्याजवळ जास्त कामाची, कारण वर-खाली होणारी हालचाल बघून समोर सायकल आहे हे लगेच ओळखू येतं. ज्यांना फ्लुरोसंट जर्सी डोळ्यांना खुपते त्यांनी मोजे तेवढे त्या रंगाचे घ्यावेत.

तंग कपडे नको असतील तर

तंग कपडे आवडत नसतील तर पॅड असलेलं पातळ अस्तर घ्या आणि वर आपल्याला हवं ते घाला. कामावर जाताना, छोट्या अंतराला हे तंग शॉर्ट्सपेक्षाही सोयीचं आहे. अस्तराला पॅडचे सगळे नियम लागू, फक्त कापड जाळीचं असतं.

वरची पँट निवडताना आसन बघा. जीन्समध्ये चार जाड शिवणी नेमक्या सीटवर येऊन मिळतात, दुखणं तिथूनच सुरू होतं. आसनात चौकटीच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेली पँट घ्या, तिची शिवण बाजूला सरकते आणि पाय मोकळा उचलला जातो. मागचा नेफा पुढच्यापेक्षा उंच हवा, नाहीतर वाकल्यावर फट पडते. साखळी उजव्या बाजूला असते, म्हणून निदान उजवा पाय तरी घोट्याशी निमुळता किंवा पट्टीने बांधलेला असावा.

स्कर्ट चालतो, पण घेर बेताचा हवा. फार अरुंद स्कर्ट गुडघा वर येताना मांडीवर चढतो, फार घेराचा मागच्या चाकात जातो. खाली किंचित पसरणारा, गुडघ्याच्या वर संपणारा आणि दोन्ही बाजूंना वीतभर चीर असलेला स्कर्ट सगळ्यात सुटसुटीत. ही कटकट जुनी आहे: लंडनच्या ॲलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८९५ मध्ये अशा स्कर्टचं पेटंट घेतलं, ज्याच्या शिवणीत दोऱ्या आणि कप्प्या लपवलेल्या होत्या. दोरी ओढली की स्कर्ट वर उचलला जायचा, खाली उतरलं की पुन्हा नेहमीचा पोशाख.

थंडीसाठी जाड जर्सी घेण्यापेक्षा सुटे बाह्यांचे आणि पायांचे मोजे घ्या. ऊन वाढलं की काढून खिशात जातात. त्यांचंही माप असतं: दंडाचा आणि मांडीचा घेर, कारण पकड तिथेच लागते. वाऱ्याचं जाकीट जर्सीवर घालून बघा, नुसतं नाही.

शिंपीकामाने काय जमतं

जर्सीच्या बाजू आत घेणं, बाही आखूड करणं, नेफ्याचं इलॅस्टिक बदलणं एवढं जमतं. पॅडच्या शिवणीला हात लावू नये. पॅड एकदा उसवून परत लावला की जागा चुकतेच. कपडा उलटा घालून, वाकलेल्या स्थितीत दुसऱ्या कोणाकडून टाचण्या लावून घ्या. उभं राहून टाचलं तर जास्त आत घेतलं जातं. एका बाजूने दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त आत घेतलं तर मागचे कडेचे खिसे कुठे जातात ते आधी पाहा.

शिवताना साधी सरळ टीप मारली तर पहिल्याच ताणाला धागा तुटतो. ओव्हरलॉक किंवा बारीक झिगझॅग टीप, पॉलिएस्टरचा धागा आणि ताणणाऱ्या कापडाची गोल टोकाची सुई लागते. नेहमीच्या टोकदार सुईने कापडाचे फासे तुटतात आणि धुतल्यावर शिवणीशेजारी भोकं पडतात. कापून टाकण्याआधी कच्ची टीप मारून पुन्हा एकदा सायकलवर बसून बघा, मग माया कापा.

परत करता येण्याच्या मुदतीत

कपड्याची लेबलं न काढता घरातच सायकल भिंतीला टेकवून किंवा स्टँडवर लावून अर्धा तास बसा. पाच मिनिटांत कोणताही कपडा छानच वाटतो. उतरल्यावर अंगावरच्या खुणा बघा. कापडाच्या विणीचा फिकट ठसा ठीक आहे, पण लाल खोल रेघ, विशेषतः जांघेत, खांद्यावर किंवा मांडीच्या पट्टीखाली, म्हणजे तो कपडा तुमचा नाही. तो ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबू नका. सैल होतं ते कापड, शिवण आणि काठ तसेच राहतात.

पाळीच्या दिवसांत पंखांचा सॅनिटरी पॅड या शॉर्ट्समध्ये चिकटत नाही, गोळा होतो. कप किंवा टॅम्पॉन सगळ्यात सोयीचे. ते नको असतील तर बिनशिवणीची, शोषून घेणारी पाळीची निकर आत घालणं हा ‘निकर नको’ या नियमाला मान्य असलेला अपवाद. जांघेत घासतं म्हणून मलम वापरत असाल तर त्यात मेंथॉल नसलेलं घ्या, थंडावा देणारं मलम नाजूक त्वचेला झोंबतं.

धुणं आणि निवृत्त करणं

सायकलवरून उतरल्यावर शॉर्ट्स अंगावर ठेवून गप्पा मारत बसू नका. ओल्या पॅडमध्ये जंतू वाढतात आणि केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. लगेच बदला आणि त्याच दिवशी धुवा. उलटी करून, झिप लावून, जाळीच्या पिशवीत, ३० अंशांच्या पाण्यात, सौम्य साबणाने. कपडे मऊ करणारं द्रव्य टाकू नका, ते धाग्यांवर थर धरतं आणि कापड घाम खेचेनासं होतं. पिळून नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा. पॅडची बाजू वर करून सावलीत वाळवा. कडक ऊन, इस्त्री आणि ड्रायरची उष्णता इलॅस्टेन मारते. हातमोज्यांची चिकटपट्टी बंद करूनच सोबत धुवा, नाहीतर जर्सीचे धागे ओढले जातात.

वर्षातून दोनदा शॉर्ट्स उजेडासमोर धरून बघा. बसायची जागा चकाकायला लागली, ताणल्यावर पांढरे बारीक धागे उभे राहिले, किंवा पॅड दाबल्यावर उसळेनासा झाला, की ती लांबच्या फेरीतून काढा आणि पावसाळी, चिखलाच्या दिवसांसाठी ठेवा. पारदर्शक झालेली मात्र तिथेही नको. मागून येणाऱ्यांना ते तुमच्या आधी कळतं आणि कोणी सांगत नाही.